गोड न खाताही साखर वाढते

ठाण्यात तलावपाळीवर फेऱ्या मारणाऱ्यांच्या ग्रुपवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: 'गोड बंद केलं की रक्तातली साखर वाढतच नाही.' पटण्यासारखं वाटतं, पण तसं नाही. भात, पोळी, साबुदाण्याची खिचडी, सगळ्यांतल्या पिष्टाचं पचनानंतर ग्लुकोजच होतं. शिवाय रात्री पोट रिकामं असताना स्वादुपिंडातल्या अल्फा पेशी ग्लुकॅगॉन हे संप्रेरक (हार्मोन) सोडतात, त्याच्या सांगण्यावरून यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. स्वादुपिंडातल्याच बीटा पेशींचं इन्सुलिन त्याला आवर घालतं. ते कमी पडलं किंवा शरीर त्याला दाद देईनासं झालं, की उपाशीपोटीही आकडा चढतो. पडताळायचंय? बिनगोडाच्या जेवणाआधी आणि पहिल्या घासानंतर २ तासांनी ग्लुकोमीटरवर मोजा.