ग्रंथोपचार आणि समुपदेशन (पुणे)

आयुष्यातल्या मोठ्या बदलांच्या वेळी, उदाहरणार्थ नोकरी सुटणे, घटस्फोट, निवृत्ती किंवा मुले परदेशी जाणे, मन सावरण्यासाठी हेतुपूर्वक केलेल्या वाचनाला ग्रंथोपचार म्हणतात. हे वाचन एकट्याने होते, तसेच समुपदेशकाच्या देखरेखीखालीही होते. या अर्थाचा इंग्रजी शब्द अमेरिकन लेखक सॅम्युएल क्रॉदर्स यांनी १९१६ साली एका लेखात वापरला. त्या लेखाचा सूर थट्टेचा होता. पुढे मात्र इंग्लंडमध्ये २०१३ पासून डॉक्टरांनी पुस्तक सुचवायचे आणि सार्वजनिक ग्रंथालयाने ते द्यायचे, अशी योजनाच सुरू झाली.

पुण्यात वाचन आधी आले, थेरपी फार नंतर. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे. त्याच्याही आधीपासून घरोघरी संध्याकाळी मनाचे श्लोक म्हटले जात. या २०५ श्लोकांत आपल्याच मनाला समोर बसवून समजावण्याची रीत आहे, त्यामुळे स्वतःशी बोलण्याचे तंत्र मराठी माणसाला परके नव्हते. लेखनातून उपचार केंद्र उभे राहिल्याचे उदाहरणही इथलेच : अनिल अवचट यांचे गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनावरील लेख वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी देणगी दिली आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने मुक्तांगण सुरू झाले.

आजच्या समुपदेशनात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा वापर बराच होतो. मराठीत ती रुजवण्याचे श्रेय मुख्यतः कि. मो. फडके यांच्या लेखनाला जाते. तिचा गाभा घटना, विचार आणि परिणाम या तीन टप्प्यांत आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून (अ‍ॅक्टिव्हेटिंग इव्हेंट, बिलीफ, कॉन्सिक्वेन्स) त्याला ‘एबीसी’ म्हणतात. (पुस्तकबाजार असलेल्या अप्पा बळवंत चौकालाही पुणेकर एबीसीच म्हणतात. निव्वळ योगायोग, पण सोयीचा.)

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराने वहीत या तीन टप्प्यांचे तीन रकाने आखले, असे समजू. पहिल्यात तो लिहितो, ‘यादीत नाव नाही’. तिसऱ्यात, ‘दोन दिवस मेसला गेलो नाही, घरचा फोन उचलला नाही’. मधला रकाना कोराच राहतो, किंवा तिथे पुन्हा घटनाच येते. पुस्तक ही चूक दाखवू शकत नाही. समुपदेशक विचारतो, ‘फोन वाजला तेव्हा मनात काय आलं?’ मग उत्तर निघते : ‘या वेळी पोस्ट निघालीच पाहिजे होती.’ सगळी गोम त्या ‘च’मध्ये आहे. पोस्ट निघावी, म्हणजे निवड व्हावी, ही इच्छा रास्तच, पण ‘च’ लागला की इच्छेची सक्ती होते आणि गावी परतणे म्हणजे तोंड काळे करणे वाटू लागते. हा ‘च’ हुडकायला मराठी वाक्यच लागते; इंग्रजीत थेरपी घेणाऱ्यांनाही रडू बहुधा मायबोलीतच येते.

स्वमदतीची पुस्तके विकली खूप जातात, संपवली कमी जातात. जुन्या पुस्तकांच्या ढिगातली प्रत उघडली तर पेन्सिलीच्या रेघा बहुतेकदा तिसऱ्या प्रकरणात थांबलेल्या दिसतात. म्हणून दर आठवड्याला कुणीतरी विचारपूस करत, गृहपाठ तपासत करून घेतलेले वाचन जास्त उपयोगी पडते. पुस्तकांचा एक तोटाही आहे : यशाच्या गोष्टी वाचून खचलेला माणूस स्वतःलाच आळशी ठरवतो.

‘एका मॅडमकडे जातोय’ असे मोघम सांगून सेशनला जाणारे अजून आहेत. ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून पेठेतला माणूस मुद्दाम औंध गाठतो. औषधे फक्त मनोविकारतज्ज्ञ किंवा अन्य डॉक्टर देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती विचारून घेण्यात संकोच नसावा. ‘लाइफ कोच’ला अशी कुठलीही अट नाही. झोप आणि भूक दीर्घकाळ उडाली असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर पुस्तक बाजूला ठेवून तातडीने तज्ज्ञ गाठावा. २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ असून तिथे मराठीतही बोलता येते, दिवसरात्र आणि मोफत.