पार्श्वभूमी : क्लचवाली साधी छोटी गाडी आपल्याकडे आली कशी आणि टिकली कशी

पुण्यात सध्या कोणी पहिली गाडी घ्यायला निघालं की घरात लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते ऑटोमॅटिकच घे बाबा, संध्याकाळी कर्वे रोडला डावा पाय गळून पडतो, आणि दुसरी म्हणते चाळीस-पन्नास हजार उगाच कशाला घालवायचे, बेसिक गियरची घे आणि गप चालव. हा वाद तसा अगदी अलीकडचा, फार तर दहा-बारा वर्षांचा. त्याआधी गियरची साधी छोटी गाडी आपल्याकडे कोणी 'निवडली' असं म्हणताच येणार नाही, कारण दुसरं काही मिळतच नव्हतं, परवडणाऱ्या किमतीत तर नाहीच.

तिकडे अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिलमधे 'हायड्रा-मॅटिक' नावाचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स दिला आणि पुढच्या काही दशकांत तिथल्या लोकांचा क्लच जवळजवळ सुटलाच. पेट्रोल स्वस्त, इंजिनं अवाढव्य, त्यामुळे गियरबॉक्सने थोडी ताकद खाल्ली तरी कोणाला फरक पडत नव्हता. आपल्याकडे उलटं. गाडीबद्दलचा पहिला प्रश्न 'ॲव्हरेज किती देते', दुसरा 'गॅरेजवाल्याला येते का', आणि जुना ऑटोमॅटिक या दोन्हीत नापास.

तसंही लायसन्स राजच्या काळात प्रश्न विचारायला गाड्या होत्या किती? कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, बंगालमधल्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर, आणि मद्रासची स्टँडर्ड. झालं. कारखान्याने किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवणार आणि गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर यायची वाट बघणार. फियाटला चार गियर, दांडी स्टिअरिंगला चिकटलेली, त्यामुळे पुढे बाकड्यासारखी सलग सीट आणि त्यावर आरामात तिघं. आज सेल्समन ज्याला 'बेस मॉडेल' म्हणतो तेवढीच तेव्हा अख्खी गाडी असायची, टॉप मॉडेल वगैरे भानगडच नव्हती.

स्वस्त छोटी गाडी हवी ही मागणीही जुनीच. १९५९ मधे सरकारने एल. के. झा यांची समिती नेमली आणि तिनेही सामान्य माणसासाठी कमी किमतीची गाडी व्हावी असंच सांगितलं. त्याही आधीपासून आपल्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' नावाची छोटी गाडी स्वतः बनवून चालवून दाखवली होती, पण कारखाना काही उभा राहिला नाही. गाडी इंजिनियरला जमत होती, परवानगी सरकारला जमत नव्हती, असं माझं आपलं मत.

मग मारुती. सरकारी कंपनी १९८१ ची, सुझुकीशी करार १९८२ मधे, आणि १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चार गियर, आणि ताकद पुढच्या चाकांना. फियाट-ॲम्बॅसडर मागच्या चाकांवर चालायच्या, त्यामुळे गाडीच्या पोटातून लांबलचक शाफ्ट जायचा, मारुतीत तो गेला, वजन उतरलं, आतली जागा मोकळी झाली. क्लच हलका, गियर खाली जमिनीवर, छोटीशी दांडी. फियाट चालवलेल्या लोकांना ते खेळणं वाटलं आणि खेळणंच म्हणून नावं ठेवणारेही खूप होते, पुढे त्यांच्याही दारात तीच उभी राहिली ते सोडा.

आता जो भाग सहसा कोणी सांगत नाही तो, आणि तो पूर्णपणे पुण्याचा आहे. मारुती घेणाऱ्या त्या पहिल्या पिढीला क्लच शिकवला कोणी? स्कूटरने. आकुर्डीच्या बजाजची चेतक १९७२ पासून होती, डाव्या हातात क्लच आणि त्याच हाताने मूठ पिरगाळून चार गियर टाकायचे. पेठांमधल्या, कोथरूडमधल्या, चिंचवडमधल्या हजारो माणसांनी बायको मागे, एक पोर पुढे उभं आणि डाव्या हाताशी भाजीची पिशवी अशी स्कूटर कात्रजच्या चढाला पहिल्या-दुसऱ्यात घातलेली. इंजिन कधी कण्हायला लागतं, गियर कधी उतरवायचा, हाफ क्लचवर गाडी कशी धरायची, हे सगळं मनगटात आधीच बसलेलं होतं, कारमधे फक्त ते मनगटातून पायात न्यायचं. त्यामुळे ड्रायव्हिंग स्कूलला अशा माणसाला 'स्टिअरिंग' शिकवावं लागायचं, क्लच नाही.

आणि गियर सोडायला लावलं तेही पुण्यानेच, ही खरी गंमत. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मधेच लुना आणली होती, गियर नाही, पायडल मारा आणि निघा. मग १९८४ च्या सुमाराला कायनेटिक होंडा आली, बटणावर चालू होणारी, बिनगियरची. प्राध्यापिका, बँकेतल्या बायका, कॉलेजच्या मुली, सगळ्या तिच्यावर, आणि पुण्यातल्या बायका बाकी शहरांच्या मानाने एवढ्या गाड्या कशा चालवतात याचं निम्मं उत्तर मला तिथेच दिसतं. पुरुष मात्र बरीच वर्षं 'गियरशिवाय काय ती गाडी' म्हणत बजाजला चिकटून राहिले. २००० नंतर ॲक्टिव्हा आल्यावर तोही ताठा उतरला, आणि २००९ मधे तर बजाजने स्कूटर बनवणंच बंद करत असल्याचं जाहीर केलं. चेतक परत आली ती २०२० मधे, बजाजचीच, पण इलेक्ट्रिक आणि बिनगियरची.

म्हणजे काय झालं बघा, आज पंचवीस-तीस वयाचं जे कोणी हिंजवडीला नोकरीला जातंय आणि पहिली कार बघतंय, त्यातल्या बाइक न चालवलेल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात क्लच पहिल्यांदा दाबला तो थेट ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत. त्याला गियरची गाडी अवघड वाटते यात आळस वगैरे काही नाही, मधली पायरीच काढून घेतलीय. वडलांना हे कळत नाही, ते म्हणतात आम्ही नाही का शिकलो.

बरं, कार बनवण्यातही पुणं मागे नव्हतं. पिंपरीला टेल्कोचा, म्हणजे टाटांचा, कारखाना सुमंत मुळगावकरांनी उभा केला तो ट्रकसाठी, पण त्यातलं इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर पुढे कारकडे वळलं. निस्सानचा ऑस्ट्रेलियातला बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, सुटा करून, जहाजाने आणून इथे परत जोडला आणि १९९८ च्या अखेरीला त्यावरून इंडिका बाहेर पडली. १४०५ सीसीचं डिझेल इंजिन, पाच गियर, मागे खरोखर तीन माणसं बसतील अशी रुंदी. सुरुवातीच्या गाड्यांच्या तक्रारी भरपूर आल्या, २००१ ला सुधारून व्ही-टू काढली तेव्हा कुठे गाडीने मान टाकायची थांबवली. खालच्या मॉडेलला पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे लक्ष्मी रोडच्या बोळात पार्किंग करताना खांदे भरून यायचे, पण डिझेलचा दर बघून लोक ते सहन करायचे.

नॅनोचं डोकंही इथलंच. १० जानेवारी २००८ ला दिल्लीत दाखवली, मार्च २००९ मधे बाजारात, मागे बसवलेलं ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, चार गियर, एकच वायपर, चाकाला तीनच नट, आणि खालच्या मॉडेलला एसी नाही. मागचं दार उघडतच नसे, सामान सीट वाकवून आत घालायचं. एक लाखाच्या किमतीची एवढी चर्चा झाली की लोकांना गाडी आठवेना, किंमतच आठवायला लागली, आणि पहिली गाडी घेणाऱ्या माणसाला तर शेजाऱ्याला दाखवायची असते. कारखाना बंगालमधल्या सिंगूरहून गुजरातेत साणंदला नेण्यात वेळ गेला तो वेगळाच. पण तंत्राच्या बाजूने नॅनोने एक मजा करून ठेवली, २०१५ मधे तिची ऑटोमॅटिक आली तेव्हा मॅन्युअलला चार गियर आणि ऑटोमॅटिकला पाच असा उलटा प्रकार होता.

ती ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल), आणि आजच्या वादाचं मूळ इथे आहे. मारुती झेनचीही एक ऑटोमॅटिक नव्वदच्या दशकात निघाली होती, पण महाग पडायची आणि पेट्रोल प्यायची. २०१४ मधे मारुतीच्याच सेलेरिओत एएमटी आली, तिने वेगळा गियरबॉक्स न बनवता साधाच मॅन्युअल गियरबॉक्स घेतला आणि क्लच दाबायला, गियर टाकायला वर एक यंत्र बसवलं. त्यामुळे खर्च थोडा वाढतो आणि ॲव्हरेज जवळपास तेवढंच राहतं. स्वस्त गाडीत पहिल्यांदा खरा पर्याय आला. फक्त गियर बदलताना एक झोका बसतो आणि सावकाश चढाला ती जरा गोंधळते. दिवे घाटात किंवा सिंहगडाच्या रस्त्याला पुढे एसटी असली की मला अजून पायातला क्लच बरा वाटतो, उतारावर दुसऱ्यात टाकून गाडी इंजिनावर सोडता येते, ब्रेक तापत नाहीत. एएमटीतही हाताने गियर धरता येतो म्हणा, पण धरतं कोण.

आता 'बेसिक' म्हणजे नक्की काय, हे गिऱ्हाइकाने कमी आणि दिल्लीने जास्त ठरवलंय. २००६ च्या बजेटमधे चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल १२००, डिझेल १५०० सीसीपर्यंतची गाडी 'छोटी' ठरली, तिची एक्साइज २४ वरून १६ टक्क्यांवर आली. आपल्या रस्त्यांवर शेपूट कापल्यासारख्या दिसणाऱ्या सेडान दिसतात ना, त्या याच चार मीटरच्या कृपेने. मग १ एप्रिल २०१० ला तेरा शहरांत बीएस-४ हा गाडीच्या धुराचा नियम लागू झाला, त्यात पुणं आणि सोलापूर दोन्ही होतं, आणि मारुती ८०० त्या नियमात बसवलीच नाही, म्हणजे त्यावेळी साताऱ्याला नवी ८०० मिळायची आणि पुण्यात नाही. तिचं उत्पादन २०१४ ला थांबलं. अशा नियमांच्या चाचण्या करणारी एआरएआय आपल्याच टेकडीवर बसलीय, संध्याकाळी तिथे फिरायला जाणाऱ्या निम्म्या लोकांना आत काय चालतं ते ठाऊक नसतं.

२०१४ च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने आपल्या पाच छोट्या गाड्या आपटून बघितल्या, त्यात मारुतीची अल्टो ८०० आणि नॅनोही होत्या, आणि मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही शून्य स्टार. मग नियम सरकले, २०१९ मधे एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, शेजारच्या सीटची त्यानंतर. २०२० च्या बीएस-६ ने छोटी डिझेल जवळजवळ संपवली, आणि २०२३ च्या पुढच्या टप्प्यात अल्टो ८०० पण गेली, अल्टो के-१० राहिली. किंमत चढली ती अशी, सगळाच कंपन्यांचा लोभ नाही. सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला (वरचा सेसही गेला) तेव्हा लोक परत या स्वस्त टोकाच्या गाड्यांकडे वळून बघायला लागले.

त्यामुळे आज के-१० किंवा रेनोच्या क्विडचं खालचं मॅन्युअल मॉडेल घेणाऱ्याने ते जुन्या मारुती ८०० शी ताडून बघू नये. काचा हाताने फिरवायच्या असतील, टेप नसेल, आरसा बाहेर हात घालून हलवावा लागेल, पण इंजिन, ब्रेक आणि गियरबॉक्स वरच्या मॉडेलचाच असतो, आणि गियरबॉक्सबद्दल तर पन्नास वर्षांत सगळ्या गॅरेजवाल्यांचा हात बसलाय, क्लच प्लेट गेली तर नाना पेठेतून आणून संध्याकाळपर्यंत गाडी परत. वरच्या मॉडेलला जास्तीचे पैसे घालायचेच तर स्क्रीनपेक्षा एअरबॅग मोजा, तेवढंच.

लायसन्सच्या बाबतीत मात्र सगळं जुनंच चाललंय. दुचाकीला 'विथ गियर' आणि 'विदाउट गियर' असे दोन वेगळे प्रकार आहेत, पण कारला तसा भेद नाही, ऑटोमॅटिकवर टेस्ट दिलेल्या माणसाला त्याच लायसन्सवर दुसऱ्या दिवशी गियरची गाडी घेऊन खंबाटकी चढायची मोकळीक आहे.