डिस्क १०० टक्के, वेग सव्वा एमबी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून कोल्हापुरात राजारामपुरीपासून गांधीनगरपर्यंत एकच सल्ला कानावर येतोय, "जुनं मशीन हाय न्हवं? घाला भंगारात." सपोर्ट संपला म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट यायचे थांबले. त्यानं मशीनचा वेग तसूभरही कमी होत नाही. ते हळू चालायचं ते आधीपासूनच हळू चालायचं, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकाच डब्यात असतं, हार्डडिस्कच्या. तो डबा बदलायला नव्या कॉम्प्युटरच्या किमतीचा थोडासाच हिस्सा लागतो.

उद्यमनगरातल्या कुठल्याही वर्कशॉपच्या ऑफिसात डोकावा. दहा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप, आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क. सकाळी बटण दाबायचं, देवाला उदबत्ती लावायची, चहा सांगायचा. चहा पिऊन कप परत गेला तरी टॅली उघडलेली नसते. मग सुरू होतो रिफ्रेशचा जप. माउसचं उजवं बटण, रिफ्रेश. एफ-५, एफ-५, एफ-५. रिफ्रेशनं डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा काढली जातात, एवढंच. मेमरी मोकळी होत नाही, वेग वाढत नाही. खंडेनवमीला लेथच्या शेजारी कॉम्प्युटरलाही झेंडूची माळ पडते, त्याबद्दल माझी तक्रार नाही (कुंकू तेवढं पंख्याच्या जाळीपासून लांब ठेवा, ते आत ओढलं जातं). पण पूजा करणाऱ्याला आपण पूजा करतोय हे ठाऊक असतं. एफ-५ दाबणाऱ्याला वाटतं, आपण दुरुस्ती करतोय.

त्यापेक्षा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, मशीनमधलं कोण किती राबतंय ते दाखवणारी खिडकी. सकाळच्या त्या रखडलेल्या वेळात तिथं साधारण असं दिसतं: प्रोसेसर १५ टक्के, डिस्क १०० टक्के. आता डिस्कच्या खालचा आकडा बघा. सेकंदाला १.२ एमबी, कधी ०.८ एमबी. हीच हार्डडिस्क एखादा सिनेमा कॉपी करताना सेकंदाला १०० एमबीच्या पुढं जाते. म्हणजे ती पूर्ण बुडालीय कामात, आणि काम होतंय शंभरावा हिस्सा. हे कसं काय?

हार्डडिस्कच्या आत चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या असतात आणि त्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात. पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर वर एका दांडीच्या टोकाला वाचणारं हेड तरंगत असतं. माहितीचा एखादा तुकडा हवा असेल तर दोन गोष्टी घडाव्या लागतात. आधी दांडी हलून हेड योग्य ट्रॅकवर, म्हणजे तबकडीवरच्या योग्य गोल पट्ट्यावर, यायला हवं. चुंबकांच्या मधल्या वेटोळ्यातून वीज सोडून ही दांडी ढकलली जाते, आणि लगेच उलटी वीज सोडून थांबवली जाते. पण थांबली म्हणजे झालं असं नाही. ट्रॅकची रुंदी १०० नॅनोमीटरच्या घरात, त्यामुळं तबकडीवर कारखान्यातच लिहून ठेवलेल्या सर्व्हो खुणा (हेडला आपली जागा कळावी म्हणून असलेल्या) वाचत हेडला ट्रॅकच्या मध्यावर स्थिर व्हावं लागतं. या सगळ्याला सरासरी ८ ते ९ मिलिसेकंद जातात. त्यानंतर हवा तो तुकडा फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत थांबायचं. मिनिटाला ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद. तुकडा नुकताच पुढं गेला असेल तर पूर्ण फेरा, नशीब चांगलं असेल तर काहीच नाही; सरासरी अर्धा फेरा, ४.१७ मिलिसेकंद.

बेरीज करा. साधारण १२.५ मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला ८० वेळा शोधाशोध, त्याच्यावर नाही.

सिनेमा ही एकच सलग फाइल असते. हेड एकदा बसलं की ओळीनं वाचत सुटतं. विंडोज सुरू होताना मात्र हजारो बारक्या फाइली लागतात, डिस्कभर विखुरलेल्या. एक तुकडा ४ केबीचा धरला तर ८० गुणिले ४, सेकंदाला ३२० केबी. तुकडे थोडे मोठे असले तर एमबीभर. टास्क मॅनेजरमधल्या त्या विचित्र आकड्यांचा उलगडा हा असा आहे. डिस्क १०० टक्के कामात आहे हे खरंच, फक्त तिचा बहुतेक वेळ वाचण्यात जात नसून पोचण्यात जातोय. असे १०,००० तुकडे लागले तर नुसत्या पोचण्याची १२५ सेकंदं झाली. त्यात अँटिव्हायरस, अपडेट आणि सर्चची अनुक्रमणिका हे तिघंही त्याच वेळी त्याच हेडला आपापल्या दिशेनं ओढत असतात.

डिस्क बनवणाऱ्यांनी यावर एक हुशारी केली होती. एनसीक्यू नावाच्या सोयीत डिस्क ३२ पर्यंत विनंत्या रांगेत घेते आणि आल्या त्या क्रमानं न पुरवता हेडला कमीत कमी हेलपाटे पडतील अशा क्रमानं लावते. फायदा होतो, पण बेताचाच. कारण रांगेचं गणित निराळं: रांगेत ३० विनंत्या आणि निपटारा सेकंदाला ८० चा, तर प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी ३० भागिले ८०, म्हणजे ३७५ मिलिसेकंद थांबणं. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर डिस्कचा सरासरी प्रतिसादाचा वेळ शेकडो मिलिसेकंदांत दिसतो तो त्यामुळं. क्लिक केल्यावर 'काहीच झालं नाही' असं वाटून आपण पुन्हा क्लिक करतो, आणि रांग आणखी वाढवतो.

तबकडी जोरात का फिरवत नाहीत? फिरवून झालंय. सर्व्हरसाठी १५,००० फेऱ्यांच्या डिस्क होत्या. अर्धा फेरा २ मिलिसेकंदांवर आला, पण उष्णता, आवाज आणि किंमत वाढली. वस्तुमान हलवायचं म्हटलं की वेळ जाणारच. १९५६ साली आयबीएमनं बाजारात आणलेल्या पहिल्या हार्डडिस्क यंत्रणेत ५० तबकड्या होत्या, त्यात ५० लाख अक्षरं मावायची आणि एखादी नोंद गाठायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागायची. तिथून आजच्या १ टीबीच्या साध्या डिस्कपर्यंत क्षमता २ लाख पट झाली. पोचण्याचा वेग? जेमतेम ५० पट.

हार्डडिस्कच्या जागी बसवता येते ती दुसऱ्या जातीची डिस्क म्हणजे एसएसडी. तिच्यात हलणारं काहीच नाही. १९८७ साली तोशिबानं जगापुढं मांडलेली नँड फ्लॅश नावाची मेमरी तिच्यात असते. फुजिओ मासुओका या अभियंत्याचं ते काम. ट्रान्झिस्टरमध्ये चारी बाजूंनी निरोधकानं वेढलेला एक बारीक कप्पा असतो, त्यात इलेक्ट्रॉन अडकवले की नोंद झाली. वीज गेली तरी ते आतच राहतात. वाचायचं तर पत्ता द्यायचा, तिथला विद्युतदाब तपासायचा. साध्या साटा एसएसडीत (हार्डडिस्कच्याच साटा जोडणीवर चालणाऱ्या) याला ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास लागतं. रॅमला, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीला, साधारण १०० नॅनोसेकंद. हे आकडे बोटांत येत नाहीत म्हणून सगळा काळ १ कोटी पटीनं ताणून बघू. साखर ओट्यावरच्या डब्यात असली तर १ सेकंद, ती रॅम. चौकातल्या दुकानातून आणायची तर सतरा मिनिटं, ती एसएसडी. आणि हार्डडिस्क म्हणजे पस्तीस तास: आज रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, दिवसभर मुक्काम, दुसऱ्या रात्रीच्या महालक्ष्मीनं परत कोल्हापूर. एका चमच्यासाठी. पुढच्या चमच्याला पुन्हा स्टेशन.

म्हणून पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी एसएसडी. रॅम दुसऱ्या नंबरवर. ४ जीबी रॅम आणि ब्राउझरचे पंधरा टॅब असले की विंडोज रॅममधला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवतं, म्हणजे फिरून तीच महालक्ष्मी. शक्य असेल तर ८ जीबी कराच, पण मदरबोर्डावर रॅमची जात डीडीआर-३ आहे की डीडीआर-४ ते बघून घ्या. खाच वेगळ्या जागी असते, एकाच्या जागी दुसरी बसत नाही. गेम किंवा थ्रीडीचं काम नसेल तर ग्राफिक कार्डाचा विचारच नको. नव्या पिढीचा प्रोसेसर घालायचा तर बोर्डही बदलावा लागतो, मग स्वस्तात भागलं कुठं?

दुकानात 'एनव्हीएमई घ्या, सेकंदाला ३५०० एमबी' असं सांगतील. ही साटापेक्षा वेगवान जोडणीची एसएसडी. आकडा खरा आहे, पण तो सलग वाचनाचा. जुन्या बोर्डावर त्यासाठीचा एम-डॉट-टू स्लॉटच बहुधा नसतो, आणि टॅली, एक्सेल, ब्राउझर एवढ्या कामात साटा एसएसडीपेक्षा फरक जाणवतही नाही. बोर्ड साटा-२ चा, म्हणजे साटाच्या जुन्या पिढीचा, असला तरी घाबरू नका. सलग वेग ३०० एमबीच्या आत अडेल, पण आपलं दुखणं बारक्या तुकड्यांचं आहे, आणि तिथं ही मर्यादा जवळपास आड येत नाही. एसएसडीनं जुनं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. ऑनलाइन बँकिंग त्याच मशीनवर करत असाल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंटसारखी, सुरक्षेचे अपडेट चालू असलेली दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घ्या.

जुनी हार्डडिस्क टाकून देऊ नका. ठणठणीत असेल तर बॅकअपला ठेवा, कारण एसएसडी फार काळ विजेशिवाय कपाटात पडून राहिली तर कप्प्यांतले इलेक्ट्रॉन हळूहळू झिरपतात आणि माहिती जाऊ शकते. जुन्या डिस्कवरचं विंडोज एसएसडीवर क्लोन करून (जसंच्या तसं उतरवून) घेतलं असेल तर मशीन घरी नेण्याआधी दुकानातच बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बूटच्या (कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं त्या) यादीत एसएसडी पहिली आहे याची खात्री करा. दोन्ही डिस्क जोडलेल्या राहिल्या आणि यादीत जुनीच वर असली, तर विंडोज तबकडीवरूनच सुरू होतं आणि गिऱ्हाईक आठवड्यानं भांडायला येतं, "पैसे घेतलासा, फरक काय बी न्हाई."