सॅम्पलिंगवर आधारित बीटनिर्मिती : साधने

ध्वनिमुद्रणातील एखादा तुकडा उचलून, कापून, त्याचा वेग वा सूर बदलून आणि पुन्हा पुन्हा वाजवून नवा ताल बांधण्याची पद्धत. ती मुख्यतः हिपहॉप संगीतात वाढली. नवशिक्याला तीन गोष्टी पुरतात : तुकड्यांचा स्रोत, ते कापणारा सॅम्पलर किंवा संगणक, आणि भरवशाचे हेडफोन.

सॅम्पलरच्या उगमाबद्दल एकमत नाही. ध्वनिफितीवरचे सूर कळफलकाने वाजवणाऱ्या मेलोट्रॉनला (१९६३) काही जण पूर्वज मानतात. पण वादकाला त्यात हवा तो आवाज सहज भरता येत नसे, त्यामुळे ते नाते ओढूनताणून जोडल्यासारखे वाटते. अंकीय यंत्रांत हॅरी मेंडेल यांच्या मेलोडियनला (१९७० च्या दशकाचा उत्तरार्ध) अग्रमान देणारेही आहेत. तरी पीटर व्होगेल व किम रायरी यांनी सिडनीत घडवलेल्या फेअरलाइट सीएमआय या संगणकीय वाद्यापासून (१९७९) आरंभ धरणे अधिक सयुक्तिक. ‘सॅम्पलिंग’ ही संज्ञाही सामान्यतः त्याच्याशीच जोडली जाते.

बीटकारांच्या हाती रुळले ते ई-म्यू कंपनीचे एसपी-१२०० (१९८७). १२ बिट (एका नमुन्याची अचूकता), नमुनादर (सेकंदाला घेतलेले नमुने) २६.०४ किलोहर्ट्‌झ, साठवण एकूण जेमतेम १० सेकंदांची आणि एका तुकड्याला कमाल २.५ सेकंद. म्हणून मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ वर वाजवून आवाज भरायचा आणि मग यंत्रातच तो मूळ वेगावर उतरवायचा, अशी युक्ती निघाली. वेग १.३५ पट झाल्याने तेवढ्याच जागेत मूळचे सुमारे ३.४ सेकंद मावत. उतरवताना येणारी खरखर हा यंत्राचा दोष. पुढे तीच शैली ठरली. मात्र तेवढ्यासाठी जुने यंत्र शोधत बसू नये. बिट आणि नमुनादर घटवण्याची सोय संगणकावरच्या आजच्या सॉफ्टवेअरमध्ये सहसा असते.

रॉजर लिन यांनी अकाई कंपनीसाठी आखलेल्या एमपीसी-६० या सॅम्पलरमधील (१९८८) चार ओळींतल्या, बोटांनी वाजवायच्या १६ पॅडांची मांडणी आजच्या स्वस्त पॅड-नियंत्रकांतही टिकून आहे. त्यातील ‘स्विंग’ ही सोय जोडीतला दुसरा ठोका किंचित मागे सारते : ५० टक्क्यांवर लय सरळ, ६६ च्या आसपास तिस्र (तीन-तीनच्या) अंगाची.

तबकडी हा स्रोत असेल, तर टर्नटेबल आणि संगणकाचे ध्वनिपत्रक (साउंड कार्ड) यांच्यामध्ये फोनो प्रवर्धक लागतो. नवखे विसरतात ते नेमके हेच. सुईकडून येणारा संकेत अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो. शिवाय तबकडी कापताना खर्ज दाबलेला व तार स्वर उचललेले असतात. प्रवर्धक हा समतोल पूर्ववत करतो. तो वगळल्यास तुकडा क्षीण आणि किणकिणता येतो, आणि नंतर नुसता आवाज वाढवून ते भरून निघत नाही. काही टर्नटेबलांत तो आतच बसवलेला असतो. तेव्हा दुसरा जोडू नये, आवाज फाटतो.

दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा प्रसिद्ध करायचा तर परवानगी लागते. अमेरिकेत १९९१ च्या एका न्यायालयीन निर्णयानंतर या बाबतीत काटेकोरपणा आला.