चॅटची कलर प्रिंट मारली की झाला पुरावा?

धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात भाड्याची भांडणं चालतात. तिथे निघालेला भाडेकरू आधी झेरॉक्सवाल्यापुढे मोबाइल धरतो, ‘भाऊ, या चॅटची कलर प्रिंट मारा.’ घरमालकाचं ‘भाडं मिळालं’ आणि आपल्या उत्तरापुढे दोन निळ्या टिका. झालं, केस जिंकली!

नाही. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात निळ्या टिकांवरून नोटीस पोचल्याचं मानलं होतं, पण नोटीस पोचणं वेगळं आणि मजकूर सिद्ध होणं वेगळं. ‘व्हॉट्सॲप कोर्टात चालतच नाही’ हेही तितकंच खोटं.

चालतं, पण प्रिंटसोबत ती कुठल्या फोनवरून, कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65-ब खाली देत. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आलं. या प्रमाणपत्राच्या नमुन्याचे दोन भाग: एक फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने निघणारा अंक-अक्षरांचा कोड, लिहावी लागते. हा फाइलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा. एक स्वल्पविराम हलला तरी ठसा बदलतो. मात्र एआयने चॅट आधीच बनावट केलं असेल, तर हॅश ते पकडत नाही. तिथे उलटतपासणीच कामाची.

आणि ज्याचा फोन त्यानेच साक्षीला येऊन मूळ फोन हजर केला तर? मग प्रमाणपत्र लागत नाही. जालन्याच्या निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच हे स्पष्ट केलंय. तेव्हा निकाल लागेपर्यंत जुना फोन एक्स्चेंजला देऊ नका.