शनी वक्री होतो म्हणजे नक्की काय होतं?

परवा फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला, शनी वक्री होतोय, अमुक राशींनी जपून, नवीन खरेदी नको. लगेच आत्याचा फोन, गाडी घ्यायचं पुढं ढकल म्हणून. मी म्हटलं आत्या, शनी दरवर्षी साडेचार महिने वक्री असतो, असं बघत बसलो तर सांगलीतली निम्मी शोरूम बंद पडतील.

ग्रहांची उजळणी पटकन करू. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ हे दगडी, मग गुरू-शनी हे वायूचे गोळे, शेवटी थंडगार युरेनस-नेपच्यून. प्लूटोला २००६ मध्ये यादीतून काढलं. राहू-केतू ग्रह नाहीतच, आकाशात चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते ते दोन बिंदू. सूर्याच्या जितकं जवळ तितकं जोरात पळायचं, पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर, मंगळ २४, शनी जेमतेम १०. शनीला एका फेरीला साडेएकोणतीस वर्षं लागतात. (साडेसाती इथूनच आली, तीस भागिले बारा राशी म्हणजे एका राशीत अडीच वर्षं, तीन राशींची साडेसात. गणित चोख आहे, फक्त आपल्या नोकरीशी त्याचं काही देणंघेणं नाही.)

आता वक्री, म्हणजे ग्रह ताऱ्यांमधून उलटा जाताना दिसणं. ऊसाच्या सीझनला मिरजेतून पंढरपूर रोडला लागा. पुढं दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, गाणी फुल्ल, लांब दंडोबाचा डोंगर. ओव्हरटेक करताना बघा, ट्रॅक्टर डोंगराच्या मानानं मागं सरकतोय असं वाटतं. ड्रायव्हरनं रिव्हर्स टाकलेला नसतो, तो पुढंच चाललाय, आपण जास्त जोरात चाललोय एवढंच. आपली गाडी म्हणजे पृथ्वी, ट्रॅक्टर म्हणजे शनी, डोंगराच्या जागी तारे.

मग बाकीचे महिने तो सरळ का दिसतो? कारण रस्ता गोल आहे. ग्रह सूर्याच्या पलीकडं असतो तेव्हा मैदानाला फेऱ्या मारणाऱ्या दोन पोरांसारखं आपण एका दिशेला आणि तो विरुद्ध दिशेला पळत असतो, म्हणजे वेगांची बेरीज, त्यामुळं तो ताऱ्यांमधून पुढं सरकतो, पण आपण त्याला गाठायला आलो की दोघं एकाच दिशेला, म्हणजे वजाबाकी, आणि आपला वेग जास्त म्हणून उत्तर मायनस. प्लसकडून मायनसकडं जाताना मधे शून्य येणारच, तेव्हा ग्रह थांबल्यासारखा दिसतो, पंचांगवाले त्याला स्तंभी म्हणतात. शनी इतका हळू की पृथ्वी त्याला दर ३७८ दिवसांनी गाठते, मंगळ बरा पळतो म्हणून त्याला गाठायला ७८० दिवस लागतात. पृथ्वी मधोमध धरणाऱ्यांना हेच समजवायला चक्रावर चक्र बसवावं लागलं होतं, १५४३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसच्या पुस्तकात सूर्य मधे आला आणि वक्री गती आपोआप सुटली.

२०२७ च्या जानेवारीत मंगळ वक्री होईल ते मार्च संपेपर्यंत, सिंह तारकासमूहात, मघा ताऱ्याच्या आसपास. १९ फेब्रुवारीच्या सुमाराला तर सूर्य मावळला की पूर्वेला उगवेल. दर रविवारी गच्चीवरून मघा आणि मंगळ वहीत टिपून ठेवा, टिंबं जोडली की उलटा गेलेला दिसतो. आत्यालाही बोलावणार आहे, आणायला नवीन गाडी घेऊनच जाईन.