‘द अनटेम्ड’मधल्या मास्कचा घोळ

‘मो दाओ झू शी’ या कादंबरीवरची २०१९ ची चिनी सिरीयल ‘द अनटेम्ड’ बघणारे अजूनही म्हणतात की मूळ लेखिकेनेच जग नीट रचलं नाही, नायक वेई वूशियान मेल्यावर सोळा वर्षांनी परत येतो, चेहरा तोच, मग मास्क लावला की मो गावातले लोक त्याला त्यांच्याच गावातला तरुण मो शुआनयू कसे काय समजतात? पण हे कादंबरीतलं नाहीच ना! तिथे तो तेरा वर्षांनी येतो आणि मो शुआनयू विधी करून स्वतःचं शरीरच त्याला देतो, म्हणजे चेहराही वेगळाच, ओळखायचा प्रश्नच नाही. सिरीयलमध्ये दोन्ही काळात शिआओ झान हाच अ‍ॅक्टर ठेवला, म्हणून मास्क आणावा लागला. यिन आयर्न या जादुई धातूचे तुकडे गोळा करायची भानगडही सिरीयलवाल्यांचीच. लेखिकेला उगाच बोल लावू नका, कादंबरी वाचा आधी, खरंच भारी आहे.